मेंदूतला वण आणि झोपेची भीती

मी अकरा वर्षं बस चालवली. वाळूजच्या एका कारखान्याच्या कामगारांची बस. सकाळी क्रांती चौकातून माणसं भरायची, पहिल्या पाळीला गेटवर सोडायची आणि पाळी सुटली की परत आणायची. आता चालवत नाही, पुढंही चालवणार नाही. हे लिहितोय कारण मला झालेला आजार कुणीतरी साध्या भाषेत आधी सांगितला असता, तर दोन चुका टळल्या असत्या. एक चूक माझ्या जिवाशी केली. दुसरी चाळीस लोकांच्या जिवाशी.

पोटाच्या गोळ्या

सुरुवात पोटापासून झाली. बसल्या बसल्या बेंबीजवळून काहीतरी वर चढायचं, छातीत यायचं, गळ्यापर्यंत यायचं. जत्रेतला पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो ना, तसं. त्याच्या मागोमाग वाटायचं की हे सगळं अगोदर घडून गेलंय. हाच चहाचा ग्लास, हाच माणूस, हेच बोलणं. मग थोडा वेळ काहीच नाही. भानावर यायचो तेव्हा समोरचा विचारत असायचा, "ध्यान कुठंय तुमचं?"

उषा, माझी बायको, दोन-तीनदा बोलली. "घास नसताना तोंड चालवता. शर्टाची गुंडी चाचपत बसता. हाक मारली तर ओ देत नाय."

मी म्हणायचो, अ‍ॅसिडिटी आहे. पाळीचं जागरण, वेळी-अवेळी खाणं, दुसरं काय असणार? मेडिकलवाल्याकडून चघळायच्या गोळ्या आणायचो. चढलेलं थोड्या वेळानं आपोआप उतरायचं, मला वाटायचं गोळीनं उतरलं. अशी चार वर्षं मी मेंदूच्या आजारावर पोटाच्या गोळ्या खाल्ल्या.

मग एका दुपारी पाळी सोडून घरी आलो, जेवलो आणि फरशीवरच पालथा झोपलो. आम्ही रांजणगावात दोन खोल्यांत राहतो. उषा दारात मेथी निवडत होती. तिला आतून आवाज आला. नंतर ती म्हणाली, बकऱ्याच्या गळ्यातून निघावा तसा. आत येऊन बघते तर माझं सगळं अंग ताठ, मग झटके, तोंडाला रक्ताचा फेस.

शेजारी गोळा झाले. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. एकानं दात उघडायला चमचा घातला, त्यात माझा पुढचा दात तुटला. मला जाग आली तेव्हा खोलीत दहा माणसं उभी होती, पॅन्ट ओली होती, जीभ चावली गेलेली. समोर बसलेली बाई माझी बायको आहे हे मला ठाऊक होतं, पण तिचं नाव आठवेना. त्या मिनिटाची आठवण अजून अंगावर येते.

वण

एमआरआयच्या त्या नळकांड्यात मला घातलं. डोकं हलवायचं नाही, कानावर घण पडल्यासारखे आवाज. तिथं मला आमची मेंढरं आठवली. आमचं घराणं मेंढपाळाचं, बिडकीनच्या अलीकडचं. कळपात एखादं मेंढरू अचानक एकाच बाजूला गरगर फिरायला लागायचं. वडील म्हणायचे, त्याच्या डोक्यात किडा शिरला. दोन दिवसांत ते कळपातून काढलेलं असायचं. कुठं गेलं म्हणून आम्ही पोरं विचारत नसू.

मेंदूच्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी फिल्म उजेडासमोर धरली. "हे दोन्ही बाजूंना शेंगेसारखं दिसतंय का? आठवणी जपणारा भाग आहे हा. उजवा भरलेला आहे. डावा बघा, आक्रसलाय. तिथं वण आहे."

"लागल्याचा?"

"नाही. लहानपणी तापात झटके आले होते का?"

मला माहीत नव्हतं. नंतर मायला विचारलं तेव्हा कळलं की मी दीड वर्षाचा असताना, मेंढरं घेऊन वाटेवर असताना, तापात माझे डोळे पांढरे झाले होते.

मॅडम म्हणाल्या, पोटातून चढतं तेसुद्धा झटकाच, लहान. आता मोठे यायला लागलेत. वणातून झटके उठतात, आणि झटके चालू राहिले की तो भाग आणखी सुकू शकतो. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "आजपासून गाडी बंद. बस नाही, मोटरसायकलसुद्धा नाही." उषानं मान हलवली. मीपण हलवली.

उषा गोळ्या आणायला खाली गेली. तेवढ्यात मी विचारलं, "मॅडम, यानं माणूस मरतो का?"

त्या लगेच नाही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला कितीतरी महिने वाटत राहिलं. त्या म्हणाल्या, "विचारलंत म्हणून खरं सांगते. मोठा झटका झोपेत आला, जवळ कुणी नसलं, तर एखाद्याचा श्वास थांबतो, हृदय थांबतं. असं का होतं ते पूर्ण कळलेलं नाही. फार थोड्यांना होतं, पण होतं. मोठे झटके जितके कमी, तितका धोका कमी. गोळी चुकवायची नाही, झोप पुरी घ्यायची, पालथं झोपायचं टाळायचं, खोलीत कुणीतरी असावं. एवढं आपल्या हातात आहे. मिसेसना मी सांगू का?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. उषा पिशवी घेऊन वर आली, "काय म्हणल्या?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "गोळ्या वेळेवर घ्या म्हणल्या."

एकोणीस दिवस

ही ती दुसरी चूक.

मी उषाला सांगितलं की ठेकेदारानं मला स्टोअरला बसवलंय. डबा घेऊन निघायचो आणि बस चालवायचो. मनाला समजावत होतो की गोळ्या चालू झाल्यात, आता काय येतंय. खरं सांगायचं तर बस गेली तर मी कोण राहणार, हे मला कळत नव्हतं. गावात सगळे मला ड्रायव्हर म्हणून ओळखतात. माझ्या वडिलांचं सगळं आयुष्य पायी गेलं, आणि मी चाळीस जणांना घेऊन जातो याची मला घमेंड होती.

माझ्या सीटच्या मागं अय्यूब भाई बसायचे. क्वालिटीला होते, निवृत्तीला आलेले. रोज तीच जागा. बसताना माझ्या खांद्यावर थाप मारायचे.

एकोणिसाव्या दिवशी नगर नाका ओलांडल्याचं मला आठवतं. पोटातून चढायला लागलं. बाजूला घ्यावं असं मनात आलं, तेपण आठवतं. पुढचं अय्यूब भाईंनी सांगितलं. मी गेटपाशी वळलोच नाही. ते ओरडले, "नाथ, गेट पीछे रह गया!" मी तोंड चालवत होतो आणि एका हातानं गुंडी चाचपत होतो. बस रस्ता सोडून कडेला निघाली. तिथं दुसऱ्या कारखान्याच्या बायका रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. अय्यूब भाईंनी मागून वाकून स्टिअरिंग ओढलं, चावी फिरवली, हँडब्रेक खेचला. बस त्या बायकांपासून पाच-सहा पावलांवर थांबली.

शुद्धीवर आलो तेव्हा चावी त्यांच्या हातात होती. "उतर नाथ," ते म्हणाले. "तबियत ठीक नहीं तेरी." आणि बसमधल्या लोकांना त्यांनीच सांगितलं, "शुगर कम हुई इसकी. चलो, पैदल चलो, इतनासा तो है."

त्याच दिवशी मी ठेकेदाराला फोन करून काम सोडलं. कारण विचारलं तर पाठदुखी सांगितली.

जागं राहणं

घरी बसलो. उषा एका कारखान्याच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायला जायला लागली. दिवसभर घरात मी आणि ते डॉक्टरचं वाक्य.

आता मला मरणाची नाही, झोपेची भीती वाटायला लागली. डोळा लागत आला की दचकून उठायचो. भिंतीला टेकून बसायचो, उशी पाठीशी. छातीवर हात ठेवून श्वास मोजायचो. मोजताना एखादा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. आणि झोप कमी झाली की झटके वाढतात, हे मला सांगितलेलं असूनही मी झोपत नव्हतो. आठवड्याला एक येणारा मोठा झटका दोनदा यायला लागला. गोळी वाढवली, दुसरी जोडली. तोंडाला चव राहिली नाही, शब्द सापडेनात. एकदा दुकानात 'काडेपेटी' हा शब्द आठवेना म्हणून तसाच परत आलो.

उषाला वाटायचं नोकरी गेल्याचं दुःख आहे. एक दिवस कँटीनमधून आली, मला तसाच बसलेला बघितलं आणि म्हणाली, "मी काय दगड हाय का? मन मोकळं करायला काय होतं तुम्हाला?"

"काही नाही."

"मग झोपा. नुसतं बसून बसून भूत झालात."

मी तिच्यावर ओरडलो. लग्नाला तेरा वर्षं झाली, इतकं वाईट कधी बोललो नव्हतो. काय बोललो ते इथं लिहीत नाही. ती आत जाऊन कणीक मळत बसली. दिवसभर चपात्या लाटून आलेली बाई पुन्हा कणीक मळत होती, आणि मी भिंतीला टेकून श्वास मोजत होतो.

त्या दिवसांत मला असंही वाटायचं की एकदाचं होऊन जाऊ दे. रोज घाबरण्यापेक्षा एकदा सुटावं. हे कुणाला वाटत असेल तर त्यानं निदान आपल्या डॉक्टरला सांगावं. मी सांगितलं नाही, आणि ते महिने मी कसे काढले ते मलाच माहीत.

झटक्याची वाट बघणं

दोन गोळ्यांनीही थांबेना तेव्हा मॅडम म्हणाल्या, वण असलेला भाग ऑपरेशननं काढता येईल का ते बघू. त्यासाठी आधी भरती व्हायचं. डोक्याला दोन डझनांवर तारा चिकटवतात, वर कॅमेरा, गोळ्या कमी करतात आणि झटका येण्याची वाट बघतात. तो मेंदूच्या कोणत्या बाजूनं उठतो ते यंत्रावर दिसतं.

ज्याला चुकवायला मी सहा महिने जागलो, त्याचीच आता खाटेवर बसून वाट बघायची होती. सकाळी सिस्टर यायची, तारा चाचपायची, नाव विचारायची, वार विचारायची, तीन वस्तू दाखवून थोड्या वेळानं त्या कोणत्या ते विचारायची. मला दोनच आठवायच्या. डोक्याला पट्टी, अंघोळ नाही, गोंदाचा वास. उषाच्या हातात एक बटण दिलं होतं. काही वाटलं की दाबायचं. सुट्टी काढून ती तीन दिवस ते बटण मुठीत धरून स्टुलावर बसली. मी जेवायला लागलो तरी तिची नजर माझ्या तोंडावर.

चौथ्या दिवशी दुपारी माझा डोळा लागला आणि आला.

मला काहीच ठाऊक नाही. उषानं बघितलं. झटके थांबले, आणि त्याच्याबरोबर छातीसुद्धा थांबली. ओठ जांभळे पडले. ती बटण दाबतच राहिली. सिस्टर धावत आली, मला कुशीवर वळवलं, नाकाला ऑक्सिजन लावला, पाठ चोळली, नाव घेऊन हाका मारल्या. मग मी मोठा श्वास घेतला. किती वेळ गेला ते यंत्रावर नोंदलेलं असेल. उषाला विचारलं तर ती सांगत नाही.

संध्याकाळी मी नीट शुद्धीवर आलो. ती स्टुलावर बसली होती, हात मांडीवर.

"श्वास थांबला होता तुमचा," ती म्हणाली.

मी खाटेची कड धरून उठून बसलो.

"सिस्टरला विचारलं मी. ती म्हणली, डॉक्टरनं सांगितलं असंल की तुम्हाला. झोपेत असं व्हतं म्हणून. तुम्हाला ठाऊक व्हतं?"

"व्हय."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तू गोळ्या आणायला गेली होतीस."

ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "आणि मी कँटीनला जात व्हते. तुम्हाला घरात एकटं टाकून. रोज. तुम्ही जाऊ दिलं मला." मग म्हणाली, "उद्या काय झालं असतं तर ते माझ्या डोक्यावर ठेवून गेला असता तुम्ही. अजून काय लपवलंय?"

तेव्हा मी तिला एकोणीस दिवस सांगितले.

दोन्ही बाजू

आठ दिवसांनी निकाल कळला. मॅडमनी मला आणि उषाला दोघांनाही समोर बसवलं. फोटोत वण डावीकडं आहे, पण झटके दोन्ही बाजूंनी उठतात. त्या दिवशीचा मोठा झटका उजवीकडून उठला होता. डावा भाग काढला तरी थांबणार नाहीत. आणि उजवा चांगला नसेल तर डावा काढणं म्हणजे आहे ती आठवणही जाण्याची भीती. "ऑपरेशन करता येणार नाही," त्या म्हणाल्या.

उषानं विचारलं, "मग?"

"गोळ्या बदलून बघू. अजून पर्याय आहेत. पण पूर्ण थांबतील असं मी वचन देऊ शकत नाही."

रिक्षातून घराजवळ उतरताना उषा म्हणाली, "त्या भाईंना सांगून या. आपल्यापायी खोटं बोलले ते."

मी अय्यूब भाईंच्या घरी गेलो. त्यांनी चहा मागवला. मी सगळं सांगितलं, की मला डॉक्टरनं मना केलं होतं, शुगर नव्हती, मला माहीत होतं. ते ऐकत राहिले. चहा आला, त्यांनी घेतला नाही.

"मैं तेरे पीछे बैठता था रोज," ते म्हणाले. "मैंने लोगों को बोला शुगर है. वो औरतें खडी थीं, देखा था ना तूने?"

"नाही पाहिलं, भाई. मला काही दिसलं नाही."

"हां. तुझे कैसे दिखेगा." ते उठले आणि आत गेले. त्यांच्या सुनेनं दार लावून घेतलं.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "दवा ले रहा ना टाइम पे?" मी हो म्हणालो. त्यांनी फोन ठेवला. तेवढंच. ती माफी नव्हती, हे मला कळतं. पण फोन त्यांनी केला होता.

माय

उषाला कामावर जाणं भाग होतं, आणि दिवसा मला एकटं ठेवायचं नव्हतं. म्हणून माय गावाहून आली. तिला आम्ही मरणाचं काही सांगितलं नाही. एवढंच शिकवलं की झटका आला की कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल काही नाही, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, झटका लांबला किंवा श्वास नीट लागला नाही तर उषाला आणि अ‍ॅम्ब्युलन्सला फोन. मायनं एकदा ऐकलं आणि लगेच करून दाखवलं, मला आडवं पाडून. तिच्या हाताला अजून जोर आहे. आयुष्यभर मेंढरं लोळवून लोकर कातरलीय तिनं.

एका दुपारी मी असाच भिंतीला टेकून बसलो होतो. माय तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "झोपत कामून नाय?"

"येत नाही झोप."

"भ्या वाटतं."

तिनं सूप बाजूला ठेवलं.

"तुझा थोरला मामा, गोविंदा. तू नाय पाहिला. त्याला यायचे असेच. आम्ही वाड्यावर व्हतो, मेंढरांपाशी. तो वाघरीच्या कडंला निजायचा, एकटाच, का तर लोकांनी बघू नये. एका सकाळी उठलाच नाय. पालथा, तोंड घोंगडीत. लोक म्हणले, भुतानं गळा दाबला. अठरा वर्साचा व्हता. मी त्याच्या पाठची. रातच्याला मला वाटलं व्हतं, याच्यापाशी जाऊन निजावं. थंडी व्हती म्हणून गेले नाय."

वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावतात ती जाळी. मला लहानपणापासून सांगितलं होतं की थोरला मामा साप चावून गेला.

"उषानं सांगितलं का तुला?" मी विचारलं.

"कुणी कशाला सांगंल. पहिल्यांदा झटका आल्याचं कानावर आलं तवाच मला कळलं." ती माझ्याजवळ सरकली आणि उशी खाली घातली. "त्याच्यापाशी कुणी नव्हतं. नीज. कुशीवर व्हय. मी हाय हितं."

"माय, तू जवळ असलीस तरी होऊ शकतं."

"व्हय," ती म्हणाली. "ते कुणाच्या हातात नाय. पर मी हाय."

मी कुशीवर झालो. तिनं माझ्या पाठीवर तळहात ठेवला, खरखरीत, जड. सहा-सात महिन्यांत पहिल्यांदा मी श्वास मोजले नाहीत. ते ती मोजत होती.

त्या दुपारी झटका आला नाही. दुसऱ्या दुपारी आला. माय होती.